पुसलेली फुली

बीड जोडायच्या वेल्डिंग रॉडचं पाकीट मला सापडलं ते कंगवा शोधताना. सकाळचे सव्वादहा वाजले होते आणि अकराला पक्ष्याचं उद्घाटन होतं.

आमच्या वर्कशॉपमधल्या टेबलाला एकच खण आहे. जगातली प्रत्येक वस्तू त्यात सापडते, फक्त आपण शोधत असतो ती सोडून. दादा, वहिनी आणि माझी पोरगी पुढे गेले होते. मी मागे राहिले, कारण कुणीतरी कुलूप लावायला हवं होतं आणि माझ्या केसांत आदल्या दिवशीचा लोखंडाचा कीस तसाच होता. सहा वर्षं ग्राइंडर चालवतेय, पण समारंभाला जाताना बाईनं बाईसारखं दिसावं असं वहिनीचं म्हणणं. म्हणून खणात हात घातला आणि हाताला ते पाकीट लागलं.

लाल पुठ्ठ्याचं, सीलबंद. मी ते उलटं केलं, सुलटं केलं, कोपरे चाचपले. कुठेही फाटलेलं नव्हतं. आधी मनात आलं, बरं झालं, महागाचे रॉड उरले. मग लक्षात आलं की उरलेले नाहीत, वापरलेलेच नाहीत, आणि कंगवा तिथेच राहिला.

हे जरा मागून सांगायला हवं, नाहीतर एका पाकिटावरून ही बाई एवढी का घाबरली असं वाटेल.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो वेल्डर आहे. जन्मभर त्यानं खिडक्यांच्या जाळ्या, जिन्यांचे कठडे आणि टाक्यांचे स्टँड केले. माझा संसार मोडला तेव्हा दोन वर्षांची पोर कडेवर घेऊन मी त्याच्या दारात उभी राहिले. त्यानं एका शब्दानं काही विचारलं नाही. आठव्या दिवशी माझ्या हातात ग्राइंडर ठेवला आणि म्हणाला, "रडत बसण्यापेक्षा घासत बस." तेव्हापासून तो जोडतो आणि मी घासते, खाचांत लांबीचा लेप भरते, रंग मारते. माझ्या हातून काम गेलं की सांधा कुठे होता हे देवालाही सापडायचं नाही. मला त्याची मोठी घमेंड होती.

मग शिल्पकार बाई आल्या. जुनं पंपघर पाडल्यावर तीन इमारतींच्या मधोमध जी मोकळी जागा उरली होती, तिथे त्यांना एक पक्षी उभा करायचा होता. नुसता बघायचा नाही, माणसांनी उडवायचा. आणि तो त्याच वस्तीच्या लोखंडाचा हवा. त्या दारोदार फिरल्या. कुणी खाटेचे पाय दिले, कुणी झारे, कुणी सायकलची रिम, कुणी किल्ली हरवलेलं कुलूप. वस्तीतल्या शिंपीणबाईंनी चाळीस वर्षं चालवलेल्या मशीनचा पाय दिला. बिडाचा, वेलबुट्टीचा, देखणा. बाईंना तो डाव्या पंखाच्या खांद्यातच हवा होता. "माणसाचा हात जिथून सुरू होतो, तिथे त्यांचं काम दिसू दे," त्या म्हणाल्या.

दादा कुरकुरला. बीड म्हणजे ओतीव लोखंड, ताठ्यातलं माणूस, वाकत नाही आणि दुखावलं तर सांगत नाही, एकदम तुटतं. साधा रॉड त्याला धरत नाही. त्याचे रॉड वेगळे, ते मागवावे लागतात, आणि जोडण्याआधी तुकडा तापवावा लागतो. पण बाईंपुढे त्याचं काही चाललं नाही. खरं सांगायचं तर त्यालाही आतून हौस होती. पक्ष्याखाली लागणाऱ्या पाटीवर बाईंच्या नावाखाली त्याचं नाव येणार होतं. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांना जाळ्या लावल्या, त्याचं नाव कुठेच नव्हतं.

पक्ष्याची रचना सोपी होती. मध्ये चौदा फुटी खांब, वर दोन पंख, खाली आठ माणसं बसतील असा लांब बाक. बाकावर बसलं की बाक वीतभर खाली जातो आणि पंख वर जातात. उठलं की पंख खाली येतात आणि उभ्या माणसाच्या डोक्यापासून हातभर अंतरावर एक हिसका देऊन थांबतात. खांबाच्या पोटात तोलाची वजनं टांगलेली होती, त्यामुळे एक मोठं माणूस बसलं तरी पंख वरच राहत. ही बाईंचीच अट. "एकटा माणूस आला तरी पक्षी उडायला हवा," असं त्या पहिल्या दिवसापासून सांगत होत्या.

आमच्या वर्कशॉपचे दोन नियम आहेत, दोन्ही दादाचे. पहिला खडूचा. सांधा नुसते टाके मारून तात्पुरता धरलेला असेल तर त्यावर खडूनं फुली. पक्कं वेल्डिंग झालं की फुली पुसायची. फुली आहे म्हणजे काम बाकी, नाही म्हणजे झालं. विचारायचं नाही, सांगायचं नाही. दुसरा नियम असा की, जे काही डोक्यावर किंवा पायाखाली यायचं असेल, त्याच्याखाली आधी करणाऱ्यानं उभं राहायचं आणि आपलं माणूसही सोबत घ्यायचं. टाकीचा स्टँड केला की दादा टाकी भरेपर्यंत खाली उभा राहायचा, वहिनी शेजारी. वहिनी म्हणायची, "लग्नात सप्तपदीत हे वचन नव्हतं." पण उभी राहायची.

मशीनच्या पायावर फुली होती. मी ती पाहिली होती. पांढरी, दोन बोटांएवढी.

आणि ती मीच पुसली.

त्या आठवड्यात दादाचे डोळे आले होते, वेल्डिंगच्या झोतानं येतात तसे. दोन दिवस तो घरी डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून पडला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी शिल्पकार बाई फोटोवाल्याला घेऊन यायच्या होत्या. पंख लाकडी घोड्यांच्या आधारावर आडवा ठेवलेला, आणि मला तो स्वच्छ दिसायला हवा होता. माझी घमेंड, दुसरं काय. मी ओलं फडकं घेतलं आणि पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसून काढला. तेलाचे डाग, बोटांचे ठसे, काजळी. आणि फुली. हाताखालून गेली तेव्हा मला दिसली होती. मनात म्हटलं, फोटो झाला की पुन्हा मारू.

फोटो झाला. बाईंनी माझाही एक काढायला लावला, ग्राइंडर हातात घेऊन. दुपारी रॉडचं पाकीट आलं तेव्हा मी सही करून ते खणात टाकलं. दादा कामावर आला, पंखाभोवती फिरला, फुली शोधली. नव्हती. त्यानं लाल डोळ्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मला वाटलं, पंख छान दिसतोय असं म्हणतोय. त्याला वाटलं होतं, अडलं की येणारा शेजारचा वेल्डर मी बोलावला आणि त्यानं सांधा पक्का करून दिला. दुसऱ्या दिवशी मी लांबी भरली, घासलं, रंग मारला.

आता पाकीट माझ्या हातात होतं. डाव्या पंखाचा सगळा भार साध्या रॉडच्या चार टाक्यांवर होता, तेही बिडावर.

मी दादाला फोन लावला. फोन त्याच खणात वाजला.

मग मी धावत सुटले. कुलूप लावलं की नाही, आठवत नाही. हातात पाकीट होतं, आणि का कोण जाणे, हातोडीही. रस्त्यानं मन स्वतःशीच वाद घालत होतं. त्यानं आधीच दुसरं पाकीट मागवलं असेल. नाही, बिडाचं काम वर्षानुवर्षं आलं नव्हतं. इंजिनिअर येऊन तपासून गेलाय ना? गेलाय, पण त्यानं तपासला तो माझा रंग. पक्षी उभा करताना हातानं पंख वरखाली करून पाहिला होता ना? पाहिला, दोनदा, हळूच, कारण बाईंना पहिलं खरं उड्डाण लोकांसमोर हवं होतं. "पहिली चाचणी लग्नमांडवात घ्यायची का?" असं दादा म्हणाला होता, आणि आम्ही सगळे हसलो होतो.

आणि त्याहून वाईट विचारही येत होता, तो लपवत नाही. पाकीट फेकून द्यावं. टाकेही कधी कधी वर्षानुवर्षं धरतात. मी बोंब मारली आणि सांधा चांगला निघाला, तर पाटीवर नाव लागण्याच्या दिवशीच दादाचं हसं होईल. ज्यानं मला घर दिलं, त्याला मी भरचौकात उभं करू? पाय धावत होते आणि मन ही असली गणितं करत होतं. मग दुसरा नियम आठवला. करणारा आधी खाली. सोबत आपलं माणूस. वहिनीचा गुडघा दुखत होता, ती उभी राहणार नव्हती. मग दादा कुणाला घेईल? माझी पोर मामाला सोडत नाही. भिंती, झाडं, मामा, जे मिळेल त्यावर चढते म्हणून तिला सगळे खारू म्हणतात.

त्यानंतर मी काही विचार केला नाही. नुसती धावत राहिले.

चौकात ही गर्दी. खिडक्यांतून माणसं, गच्च्यांवर माणसं. पंखांवरचं कापड काढून झालं होतं. रिबीन कापून झाली होती. बाकावर आठ जण ओळीनं बसले होते, मध्ये पाहुणे, कडेला शिंपीणबाई. पंख वर होते. पहिल्यांदाच पूर्ण वर, आणि उन्हात ते झारे, रिमा, कुलपं अशी चमकत होती की एरवी मी रडले असते.

डाव्या पंखाखाली दादा उभा होता, नव्या शर्टात. त्याच्या खांद्यावर खारू. दोन्ही हात वर करून ती पंखाला हात पोचतो का बघत होती. आणि तिच्याकडे बघून आणखी दहा-बारा पोरं भोवती जमली होती.

मी मशीनच्या पायाकडे पाहिलं. त्या पायापासून निघालेला, माझ्याच निळ्या रंगावर एक काळा धागा दिसत होता. केसाएवढा. आदल्या संध्याकाळी तो नव्हता. तो रंग मी मारला होता, त्याचा इंचन्इंच मला पाठ होता. पंख वर गेला तेव्हा सांधा उघडू लागला होता. कुणाच्या लक्षात येणार? तडा गेला तरी लोकांना तो वेलबुट्टीचाच भाग वाटला असता.

"दादा!" मी ओरडले. लाऊडस्पीकरवर शिल्पकार बाई बोलत होत्या. "आता मी तीन म्हटलं की सगळ्यांनी एकदम उठायचं! पक्षी पंख मिटेल. एक..."

माझ्या आणि दादाच्या मध्ये दोनशे माणसं होती. बाक जवळ होता.

"दोन..."

मी कुणाच्या पायावर पाय दिला, कुणाला कोपर मारलं, हातोडी कुठे टाकली, मला माहीत नाही. बाकाभोवती बांधलेल्या दोरीखालून घुसले आणि पाहुण्यांच्या शेजारी, जवळजवळ त्यांच्या मांडीवरच, बाकावर अंग टाकलं.

"तीन!"

आठही जण उठले. बाक माझ्याखाली थरथरला, बोटभर वर आला आणि थांबला. वर पंख करकरले. मी पाकिटासकट बाकाची लोखंडी कड दोन्ही हातांनी धरून बसले होते. पंख वरच राहिले.

सगळ्यांनी वर पाहिलं. मग हशा पिकला.

"आणि हे बघा," शिल्पकार बाईंचा आवाज आनंदानं चिरकला, "मी काय म्हणत होते? एकटं माणूससुद्धा या पक्ष्याला उडत ठेवू शकतं! आणि या कोण आहेत माहितीय? हा पक्षी रंगवणाऱ्या ताई!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"पंख पडेल!" मी ओरडले. "बाजूला व्हा! खालून पोरं काढा! पंख पडेल!"

"नाटक आहे, नाटक," माझ्यामागे कुणीतरी बायकोला समजावलं. "हल्ली असंच असतं. आपणही भाग घ्यायचा असतो." आणि त्यानंही हात वर करून आरोळी ठोकली, "पंख पडेल!" मग चार जणांनी ठोकली. पोरांना तर तेच हवं होतं. पंखाखाली नाचत ती ओरडू लागली, पंख पडेल, पंख पडेल. माझी खारू सगळ्यांत जोरात. मामाच्या खांद्यावर उड्या मारत, माझ्याकडे बघून हात हलवत.

त्या क्षणी मला जी भीती वाटली, तशी भीती मला कधी वाटली नव्हती. मी खरं ओरडत होते आणि ते खरं लोक आवडीनं परत माझ्याच अंगावर फेकत होते. एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ प्रेमानं पुढे आले आणि त्यांनी माझा दंड धरला. "चला ताई, फार छान केलंत. आता उठा, बाकीच्यांनाही बसायचंय." दुसऱ्या बाजूनं एका स्वयंसेवकानं हात धरला. दोघे मला उचलू लागले. बाक खालून वर येऊ लागला. वर काळा धागा रुंद होताना मला दिसला.

मी त्या गृहस्थांच्या हाताला चावले. हो, चावले. ते किंचाळून मागे झाले. आणि त्या एका क्षणाच्या गप्पपणात मी आयुष्यात कधी ओरडले नव्हते इतक्या जोरात ओरडले, "दादा, फुली मी पुसली!"

चौकात कुणालाच त्याचा अर्थ कळला नाही. कुणीतरी पुन्हा हसलं.

दादा हसला नाही. तो माझ्याकडे बघत होता. मग त्यानं मान वर करून पंखाच्या खांद्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही.  खारूला खांद्यावरून ओढून समोरच्या बाईच्या अंगावर जवळजवळ फेकली. मग दोन्ही हात पसरून, खुराड्यात कोंबड्या हाकाव्यात तशी सगळी पोरं पुढे रेटली. एक जण वाकून बूट बांधत होता, त्याला गचांडी धरून बाहेर काढलं. सगळे निघाल्यावर स्वतः बाहेर आला. सगळ्यात शेवटी. मला त्याला शिव्या द्याव्याशा वाटल्या.

तो बाकापाशी आला आणि माझ्या शेजारी बसला. तोवर हशा थांबला होता. माणसाचा चेहरा खोटा नाही, हे लोकांना बघून कळतं.

"मशीनचा पाय?" त्यानं हळू विचारलं.

मी कडेवरची मूठ उघडून पाकीट पुढे केलं. घामानं पाकिटाचा लाल रंग तळहाताला लागला होता.

"फोडलंच नाही?"

"नाही."

"किती वेळ बसशील?"

"तू ऊठ म्हणेपर्यंत."

पाऊण तास बसले. चौक रिकामा केला. कुणीतरी साखळी आणि पुली आणली, कुणी दोन लाकडी घोडे. दादा बाजूनं शिडी लावून वर चढला, आणि मी बाकाची कड धरून, श्वाससुद्धा जपून घेत, खाली बसून राहिले. मांड्या बधिर झाल्या. शिंपीणबाई दोरीपलीकडून एकटक माझ्याकडे बघत होत्या. शिल्पकार बाई जमिनीवर बसल्या होत्या, माईक मांडीत, आणि त्यांना तो बंद करायचंही सुचलं नव्हतं. त्यांच्या रडण्याचा आवाज सगळ्या चौकात ऐकू येत होता.

साखळी आवळली. साखळीनं भार घेतला आणि सांध्यावर पहिल्यांदाच वेगळ्या बाजूनं ताण आला, तेवढ्यानंच टाके तुटले. चार वेळा नाही, एकदाच आवाज झाला. मशीनचा पाय खांद्यापासून सुटला आणि अख्खा डावा पंख साखळीला लटकला, जिथे खारूचं डोकं होतं बरोबर तिथे.

"ऊठ आता," दादा वरून म्हणाला. मला उठता आलं नाही. वहिनीनं येऊन उठवलं.

पुढचे दिवस वाईट गेले. लोक आधी घाबरले आणि मग चिडले, तसंच होतं. जोडणाऱ्याचे डोळे गेलेत म्हणाले. पाटीवरच्या दादाच्या नावावर कुणीतरी काळा रंग फासला. दादा भेटेल त्याला सांगायचा, "सांधा तपासणं माझं काम होतं. चूक माझी." मी भेटेल त्याला सांगायची, फुली मी पुसली. ज्या गृहस्थांना चावले होते त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, "दात चांगले आहेत तुमचे," आणि दार लावून घेतलं.

दादा मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. रात्री मला जाग यायची आणि मी खारूच्या डोक्यावर हात ठेवून बघायची, आहे ना. दिवसा काम करताना दादा मध्येच थांबून केलेलेच सांधे पुन्हा पुन्हा बघायचा. हा संशय मी त्याच्या मनात घातला होता. सहा वर्षांपूर्वी त्यानं मला हातात काम देऊन उभं केलं, आणि मी त्याच्या हातातून त्याचा भरवसा काढून घेतला.

मग एका सकाळी त्यानं ते लाल पाकीट माझ्यासमोर फोडलं. मशीनचा पाय तापवला, जोडला, आणि सावकाश निवावा म्हणून दीड दिवस राखेत पुरून ठेवला. बाहेर काढल्यावर मी सवयीनं ग्राइंडर उचलला.

"घासू नकोस," तो म्हणाला.

"खडबडीत दिसेल."

"दिसू दे. सगळ्यांना दिसू दे."

इंजिनिअर पुन्हा आला. या वेळी त्यानं पंखाला पोती टांगली आणि दोन दिवस तशीच ठेवली. कागद दिला. शिल्पकार बाईंनी विचारलं, पुन्हा समारंभ करायचा का? दादा नको म्हणाला.

एका साध्या दुपारी आम्ही गेलो. चौकात कुणी नव्हतं, पण खिडक्या भरलेल्या होत्या. बाक रिकामा. बाकावर कुणी बसेना आणि पंखाखालून कुणी जाईना. माणसं वळसा घालून पलीकडच्या भिंतीकडेनं जात होती. आम्ही हा पक्षी लोकांसाठी केला होता, आणि मी त्यांना त्याची भीती लावली होती.

दादा सरळ डाव्या पंखाखाली जाऊन उभा राहिला. एकटाच.

"मामा, मी येऊ?" खारू दोरीपाशी वहिनीचा हात धरून उभी होती.

"आधी तुझी आई उठू दे," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "बस."

मी बसले. बाक वीतभर खाली गेला. वर पंख उघडले, आणि खांद्यापाशी तो सांधा दिसला, न घासलेला, न रंगवलेला, दोरखंडासारखा जाड आणि राखाडी. त्यावर कुठे काळा धागा आहे का, मी बघितलं. पुन्हा बघितलं. नव्हता.

"ऊठ," दादा म्हणाला.

माझे हात आपोआप बाकाच्या कडेला गेले. कागद होता, पोती टांगून झाली होती, सगळं मला माहीत होतं. आणि तरी मी उठले की तो मरेल, याशिवाय मला दुसरं काही कळत नव्हतं. घाम कपाळावरून डोळ्यांत आला. खिडक्यांतून माणसं पुढे वाकली होती.

"अगं, ऊठ," तो म्हणाला. आवाज नेहमीचा होता, गज इकडे दे म्हणावं तसा. "माझा जोड आहे. आणि या वेळी फुली मी पुसलीय."

मी एकेक बोट सोडवलं. डोळे मिटले नाहीत, एवढं मात्र केलं. उठले.

पंख खाली आला. सगळं लोखंड एकदम खणखणलं, आणि हिसका बसला. दादाच्या डोक्यावरचे विरळ केस वाऱ्यानं हलले. पंख त्याच्या डोक्यापासून हातभर वर थांबला होता आणि दादा होता तिथेच उभा होता.

"पुन्हा बस," तो म्हणाला.